रेषेची तालीम : म. वि. धुरंधर आणि मुंबईची वास्तववादी चित्रपरंपरा

(प्रस्तावना)

रायगडावरचा शिवराज्याभिषेक डोळ्यांसमोर आणा, असे महाराष्ट्रात कुणालाही सांगितले तर बहुतेकांना एकच देखावा दिसतो. उंच सिंहासन, वर छत्र, दोन्ही बाजूंना दरबारी मंडळी आणि समोर अदबीने झुकलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन. १६७४ सालच्या त्या दिवशी रायगडावर बसून हा देखावा कुणी रंगवलेला नाही. तो आपल्या मनावर ठसला तो सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कुंचल्यातून. छापील प्रतींच्या रूपाने ते चित्र घरोघरी आणि शाळाशाळांत पोहोचले. चित्र सर्वांच्या ओळखीचे झाले, चित्रकार मात्र थोड्यांच्याच ओळखीचा राहिला. या पुस्तकाची गरज तिथूनच सुरू होते.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० च्या जानेवारीत ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच संस्थेचे राहिले. विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक अशा पायऱ्या चढत १९३० साली काही काळ त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे सांभाळली. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक, १९२७ मध्ये ‘रावबहादूर’ ही पदवी, १९४० मध्ये ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र आणि १ जून १९४४ रोजी मृत्यू, असा हा आलेख आहे. वरवर पाहता तो एका यशस्वी सरकारी नोकराचा वाटतो. पण त्याच्या आत एक मोठी गोष्ट घडत होती. परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या गरजेसाठी आणलेली चित्रविद्या मराठी हातांत उतरत होती आणि उतरता उतरता मराठी होत होती.

ही विद्या नेमकी कोणती, हे नव्या वाचकासाठी आधी स्पष्ट करायला हवे. पॅरिसमधील एकोल द बोझार, १७६८ मध्ये स्थापन झालेली लंडनची रॉयल अकॅडमी आणि युरोपातील अशाच इतर संस्थांनी चित्रकलेचे एक काटेकोर शिक्षण तयार केले होते. आधी छापील नमुन्यावरून रेषा, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश, मग यथार्थदर्शन, शरीररचना, प्रत्यक्ष माणूस समोर बसवून अभ्यास आणि या सगळ्यानंतर रंग. या पायऱ्या पार केलेल्या विद्यार्थ्याने शेवटी इतिहासातला किंवा पुराणातला प्रसंग अनेक आकृतींसह उभा करावा, हे त्या शिक्षणाचे शिखर मानले जाई. यालाच आपण अकॅडमिक किंवा वास्तववादी शैली म्हणतो. कोल्हापूरच्या मुलाला हा क्रम समजणे अवघड नव्हते. तालमीत पहिल्या दिवशी कुणी कुस्ती खेळत नाही, आधी जोर-बैठका मारून अंग तयार करावे लागते. इथे अंगाऐवजी डोळा आणि मनगट तयार होत असे.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रवेश जे. जे.च्याही आधीचा आहे. आमच्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. चर्चमधल्या वेद्या, त्यांवरच्या मूर्ती आणि चित्रे यांतून युरोपीय रूपकला या किनाऱ्याने फार लवकर पाहिली. पण ती पूजेसाठी होती. ती शिकण्याची वाट सर्वांना खुली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या पेशवे दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रज रेसिडेंट असताना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेथे आला आणि त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट यांच्यासारखे स्थानिक कलावंत नव्या पद्धतीने रेखाटने करू लागले. नायगावहून खाडी ओलांडली की जी साष्टी लागते, तिथल्या लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात असताना वेल्सला ताप आला आणि १७९५ मध्ये तो वारला. त्याच्यामागे तो पुण्याचा प्रयोगही फार काळ टिकला नाही.

टिकाऊ सुरुवात झाली ती १८५७ मध्ये. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. सरकारचा हेतू थोर चित्रकार घडवण्याचा नव्हता. उत्तम नक्षीकार, आराखडे काढणारे आणि कारागीर हवे होते. म्हणून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा, हस्तकौशल्यावर भर देणारा अभ्यासक्रम आणला गेला. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स आणि हिगिन्स असे तीन शिक्षक आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर किपलिंगने केलेली शिल्पे आणि व्हिक्टोरिया टर्मिनसवर विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने, फुले, पक्षी आजही पाहता येतात. वाढत्या मुंबईला घडीव दगड हवा होता आणि तो घडवणारे हात या शाळेत तयार होत होते.

ग्रिफिथ्सचे काम याच्याही पुढे गेले. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला तयार झाल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत जळाल्या. तरी या श्रमांवर आधारलेला ग्रिफिथ्सचा अजिंठ्यावरचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या घटनेकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. पाश्चात्त्य पद्धतीने रेषा शिकणारी मुले त्याच वेळी भारतातील सर्वांत जुन्या महान चित्रांसमोर बसून त्यांचे एकेक बोट, एकेक पापणी उतरवून घेत होती. मुंबईची शैली म्हणजे निव्वळ परदेशी नक्कल, असे म्हणताना हे विसरून चालणार नाही.

या वातावरणातून जी माणसे उभी राहिली त्यांच्यात बरीच विविधता आहे. अजिंठ्याच्या कामातून तयार झालेले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पारशी घरातील शांत प्रसंग रंगवण्यात रमले. पेस्तनजींच्या पिढीनंतरच्या मंचेरशा पिठावाला यांनी (१८७२–१९३७) व्यक्तिचित्रणात नाव कमावले. गोव्यातून आलेल्या अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी (१८७०–१९३५) प्रकाशाच्या छटा आणि घरातली माणसे इतक्या आपुलकीने रंगवली की त्यांची चित्रे आजही जवळची वाटतात. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.मध्ये चमकले आणि आपल्या गावी परतून शाहू महाराजांच्या आश्रयाने रंकाळ्याचा परिसर जलरंगात उतरवत राहिले. १९३१ मध्ये ते वारले. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी (१८८२–१९६८) जलरंगाला तैलरंगाइतके वजन मिळवून दिले, स्वतःची कलाशाळा काढली आणि पुढच्या पिढ्या घडवल्या. शिल्पकलेत गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच ‘मंदिरपथगामिनी’ घडवून सर्वांना थक्क केले.

या सर्वांच्या समांतर एक प्रवाह होता राजा रविवर्मा यांचा (१८४८–१९०६). ते जे. जे.चे नव्हते. किळिमानूरच्या राजघराण्यात वाढलेल्या या चित्रकाराने तैलरंग बव्हंशी स्वतःच्या हिमतीने आत्मसात केले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत प्रतींनी देवघराच्या भिंती भरून गेल्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही घरी देव आला. दादासाहेब फाळके जे. जे.मध्ये शिकले आणि या छापखान्यातही काम केले. पुढे पडद्यावर पौराणिक प्रसंग उभे करताना त्यांच्या डोळ्यांपुढे हीच चित्रसृष्टी होती. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. म्हणजे मराठी रंगभूमीचा देखावा, मराठी चित्रपटाची चौकट आणि मराठी घरातील तसबीर ही एकाच चित्रविद्येची अपत्ये आहेत.

धुरंधरांचे स्थान या नकाशाच्या मध्यभागी आहे, कारण त्यांनी यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता चालून पाहिला. सुवर्णपदक मिळवणारे ‘हॅव यू कम लक्ष्मी?’ हे त्यांचे चित्र घरगुती प्रसंगाचे आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसाठी त्यांनी शिवचरित्रातील प्रसंग रंगवले आणि औंधचे संग्रहालय आजही या परंपरेचे एक मोठे भांडार आहे. त्यांनी रेल्वेची भित्तिपत्रके केली, विनोदी पोस्टकार्डे केली, मासिकांना चित्रे दिली. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरचे पुस्तक (१९१२), किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या दख्खनच्या कहाण्या (१९१४) आणि रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक (१९२०) त्यांच्या चित्रांनी सजले. नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांतही त्यांचा हात आहे.

इतक्या प्रकारचे काम करणाऱ्याकडे समीक्षक संशयाने पाहतात. माझ्या मते याच विपुलतेत धुरंधरांचे मोठेपण आहे. त्यांची रेषा स्टुडिओत बंद राहिली नाही. बाजारात टोपली घेऊन निघालेली कोळीण, पाठीवर ओझे घेतलेला हमाल, लग्नघरात एकमेकींच्या कानात कुजबुजणाऱ्या बायका, मिरवणुकीत मान उंचावून पाहणारा मुलगा ही माणसे त्यांनी अचूक पकडली. नऊवारीचा काष्टा चालताना कुठे ताणला जातो, पदर खांद्यावरून कसा उतरतो, डोक्यावर वजन असले की कंबर कशी वळते, हे त्यांच्याइतके नेमके फार थोड्यांनी काढले. प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यावरून शिकलेला छायाप्रकाश त्यांनी मराठी बाईच्या चालण्यात वापरला. तिथे ती विद्या परकी उरली नाही.

या शैलीवर झालेली टीकाही वाचकाने नीट समजून घ्यावी. पहिला हल्ला झाला बंगालमधून. १८९६ मध्ये कलकत्त्याला आलेले ई. बी. हॅवेल आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेले अवनींद्रनाथ ठाकूर यांनी म्हटले की भारतीय कलेचा आत्मा मुघल, राजपूत आणि अजिंठ्याच्या चित्रांत आहे, युरोपीय वास्तववादात नाही. भगिनी निवेदितांनी रविवर्म्यांच्या चित्रांवर कडक शब्दांत टीका केली. स्वदेशीच्या काळात या विचाराला मोठे बळ मिळाले. मुंबईने त्याला आपल्या परीने उत्तर दिले. ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे.चे प्रमुख असताना एकीकडे जिवंत मॉडेलवरून अभ्यास पक्का झाला, तर दुसरीकडे भारतीय अलंकरणाची ओढ असलेला भित्तिचित्रांचा वर्ग सुरू झाला. दुसरा हल्ला झाला स्वातंत्र्याच्या वर्षी. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने बंगालचा गतकाळ आणि जे. जे.ची शिस्त दोन्ही नाकारले. पण त्यांच्यातले सूझा आणि बाकरे जे. जे.मध्येच शिकले होते आणि हुसेन यांनी आपली सुरुवातीची भाकरी सिनेमाची मोठी चित्रफलके रंगवून कमावली होती. ज्या घराचे दार ते जोराने लोटत होते, त्याच घरात त्यांचा हात तयार झाला होता.

तिसरी टीका अलीकडची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना भारतीय समाज ‘नमुन्यां’त विभागून पाहायची सवय होती. ही अमुक जातीची बाई, हा तमुक धंद्याचा पुरुष. धुरंधरांची कित्येक पुस्तकचित्रे याच मागणीतून आली. त्यांतल्या बायकांकडे पाहणारी नजर कुणाची, हा प्रश्न विचारायलाच हवा. या पुस्तकात तो विचारला आहे. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्टही नोंदवायला हवी. धुरंधरांनी आपली मुलगी अंबिका (१९१२–२००९) हिला चित्रकार केले, तिने जे. जे.ची पदविका मिळवली आणि पुढे ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन लिहिले. त्रिंदादांची मुलगी अँजेला हीदेखील चित्रकार झाली. ज्या विद्येने बाईला चित्राचा विषय केले, तिनेच दोन मराठी-कोकणी घरांत बाईच्या हाती कुंचलाही दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

युरोपातही या शैलीचे नशीब असेच फिरले. १८७४ मध्ये पॅरिसला इम्प्रेशनिस्टांचे पहिले प्रदर्शन भरले आणि पुढच्या काही दशकांत बुगरोसारखे मान्यवर चित्रकार हसण्याचा विषय झाले. विसाव्या शतकाच्या शेवटी ती चित्रे पुन्हा बाहेर आली आणि त्यांचे नव्याने मूल्यमापन सुरू झाले. आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा अनेकांनी त्यांची रेखाटने प्रथमच पाहिली. लिलावातल्या किमती वाढल्या म्हणून चित्रकार मोठा ठरत नाही. पण मूळ कामे डोळ्यांपुढे आली की ऐकीव मते गळून पडतात, हे या प्रदर्शनाने दाखवून दिले.

आता नायगावात राहणाऱ्या माणसाने ही प्रस्तावना का लिहावी, हे सांगतो. आमच्या गावाच्या पूर्वेला जूचंद्र आहे. चंडिकामातेच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे, तसेच रांगोळीसाठीही. दिवाळीच्या सुमारास तिथे रांगोळ्यांची प्रदर्शने भरतात आणि लांबून लोक पाहायला येतात. या रांगोळ्या ठिपक्यांच्या नाहीत. त्यांत माणसांचे चेहरे असतात, सुरकुत्यांसकट, डोळ्यांतल्या ओलाव्यासकट. रांगोळीकार आधी जमिनीवर बाह्यरेषा आखतो, मग चेहऱ्यावरच्या छटा पाहून रंग मिसळतो, आधी मोठा सपाट रंग पसरतो, त्यावर गडद छाया, मग मधल्या छटा आणि शेवटी नाकाच्या शेंड्यावरचा, बुबुळातला उजेड. चिमटीतून सुटलेली पूड परत घेता येत नाही, म्हणून प्रत्येक छटेचा निर्णय हात खाली जाण्याआधी व्हावा लागतो. बाह्यरेषा, छाया, मधली छटा, उजेड. ग्रिफिथ्सच्या वर्गात शिकवला जाणारा क्रम तो हाच.

तिथपर्यंत हा क्रम पोहोचला कसा? या प्रश्नाचे उत्तर दालनांच्या इतिहासात सापडत नाही. ते शाळेच्या चित्रकलेच्या तासात सापडते. जे. जे.मधून बाहेर पडलेले सगळेच नामवंत चित्रकार झाले नाहीत. त्यांतले कित्येक चित्रकलाशिक्षक म्हणून गावोगावी गेले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तालुक्याच्या शाळेत नेले. टेबलावर कळशी आणि दोन कांदे मांडून ‘उजेड कुठून येतो ते आधी बघा’ असे सांगणारे शिक्षक महाराष्ट्राच्या तीन-चार पिढ्यांना लाभले. ज्या घरांत कधी तैलचित्र टांगले गेले नाही, त्या घरांतली मुले छायाप्रकाश शिकली. गणपतीच्या मूर्तीचे डोळे आखणारे, फलक रंगवणारे, मंडळांचे देखावे उभारणारे आणि जूचंद्रचे रांगोळीकार या शिक्षणाचे वारसदार आहेत. अकॅडमिक शैलीचे मोजमाप करायचे तर ती कुठून आली यावरून करू नये. तिने किती लोकांना पाहायला आणि काढायला शिकवले, यावरून करावे. हे या पुस्तकामागचे मुख्य म्हणणे आहे.

हे आजच सांगण्याची निकड आहे. शाळांतून चित्रकलेचा तास आक्रसत चालला आहे. फोनवर बोट फिरवले की हवे ते चित्र क्षणात तयार होते, त्यामुळे समोरच्या वस्तूकडे तासभर पाहत बसण्याची गरज काय, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला धुरंधरांच्या वह्या उत्तर देतात. रेखाटताना माणूस समोरच्याला खरोखर पाहतो. हमालाची पाठ काढायची तर तिच्यावरचा भार कुठे पडतो हे कळावे लागते, आणि ते एकदा कळले की तो हमाल नुसता गर्दीतला चेहरा राहत नाही. दुसरी निकड जतनाची आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत जुन्या शिळाछापील तसबिरींना बुरशी लागते, तैलचित्रांचे वार्निश काळे पडते. घर पाडताना जुनी चौकट भंगारात जाते. काय टाकतो आहोत हे माहीत असले तरच ते वाचवता येईल.

म्हणून या पुस्तकाने तीन कामे अंगावर घेतली आहेत. पहिले, धुरंधरांचे आयुष्य त्यांच्या संस्थेच्या, शहराच्या आणि समकालीनांच्या सोबतीने सांगणे. त्यांना एकटे उंच चौथऱ्यावर बसवायचे नाही. दुसरे, चित्र कसे घडले हे उलगडणे. कागद, कोळसा, जलरंगाचे थर, आकृतींची मांडणी यांबद्दल इथे चित्र शिकणाऱ्या मुलालाही उपयोगी पडेल असे लिहिले आहे. तिसरे, टीकेला उत्तर देण्याच्या घाईत तिच्यातला खरा भाग न दडवणे. धुरंधरांची काही चित्रे गोडगोड आहेत, काही मागणीपुरती केलेली आहेत, काहींवर त्या राजवटीची सावली आहे. ते सांगूनही त्यांच्या उत्तम रेषेपुढे मान झुकते.

वाचकाने पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. चित्रांपासून सुरुवात करावी, एखाद्या आकृतीपाशी थांबावे आणि जमल्यास ती वहीत उतरवून पाहावी. हात चुकेल तिथे मजकुराकडे यावे. नंतर एखाद्या रविवारी चर्चगेटला उतरून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जावे, किपलिंगची शिल्पे पाहावीत, समोरचा जे. जे.चा परिसर पाहावा. औंधला जाण्याची संधी मिळाली तर सोडू नये. दिवाळीत जूचंद्रला अवश्य यावे. ज्या विद्येची सुरुवात राज्यकर्त्यांच्या गरजेतून झाली, ती दीडशेहून अधिक वर्षांत कुणाकुणाची झाली हे तिथे समोर दिसते, आणि धुरंधरांनी त्या संस्थेत घालवलेल्या एकेचाळीस वर्षांचा अर्थही तिथे अधिक नीट कळतो.

नायगाव, वसई